अर्ध्या सुताची चूक

पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला,
आणि उजवा हात रिकामा झाला.
पस्तीस वर्षं ठप्पे मारलेला हात तो,
भाकरी थापतानाही मध्येच एकदा उगाच उंच जायचा.

उद्यमनगरात दस्तगीर शिकलगारांच्या लेथपाशी
पिशवी घेऊन उभी राहिले,
त्यांना वाटलं मिक्सरचं भांडं आणलंय.
"वाफेचं इंजिन करायचंय," मी म्हटलं. "तळहातावर मावेल एवढं."
चष्म्याच्या वरून बघत राहिले.
मग म्हणाले, "पदर खोचा मॅडम.
चकाला लुगडं दिसत न्हाई."

पितळेचा कीस केसांत सापडला, चपलेत सापडला,
एकदा आमटीत.
तीन मिलीचा टॅप दुसऱ्याच भोकात मोडला,
अडकित्त्यात सुपारी फुटावी असा आवाज.
मी दिवसभर गप्प.
"मोडला न्हवं?" दस्तगीर म्हणाले, "मग आता शिकाय लागलासा."

चाक बिडाचं. शेजारच्या फौंड्रीतून फुकट,
अंगाला वाळू अजून चिकटलेली.
बॉयलरला तांब्याची नळी भंगारातून, वजनावर.
चांदीचा झाळ आणायला गुजरीत गेले.
पोतदारांनी विचारलं, पैंजण तुटलंय की जोडवं?
बॉयलर, म्हटलं.
त्यांनी आतून कोणाला तरी हाक मारली, मला बघायला.

माहेरी बंब होता. मी त्यात लाकडं सारायची,
नळाच्या तोंडाशी वाफ फुरफुरायची,
तिला कधी विचारलं नाही, तू आणखी काय काय करतेस.

सिलिंडर एका खिळ्यावर डुलतो.
एका अंगाला कलला की वाफ आत,
दुसऱ्या अंगाला कलला की बाहेर.
दोन भोकं फक्त. सगळी अक्कल त्यांच्यामधल्या अंतरात.
आणि माझं एक भोक अर्धा सूत सरकलेलं.

सायकलचा पंप लावला.
फुस्स.
फुगत आलेल्या भाकरीला चीर जावी तसा
सगळा जीव एका बाजूनं निघून गेला.
भोक बुजवलं. पुन्हा आखलं. पुन्हा पाडलं.
यात आषाढ गेला, श्रावण गेला.
वन्सं म्हणाल्या, एवढ्यात स्वेटर झाला असता.

बॉयलरमध्ये पाणी दाबून पाहिलं आधी, दुप्पट दाबानं,
रात्रभर कागदावर ठेवला. कागद कोरडा.

मग फुलेवाडीत, घरामागच्या कट्ट्यावर,
स्पिरिटची वात पेटवली.
सात मिनिटं काही नाही.
आठव्याला इंजिन खोकलं, गरम पाणी थुंकलं माझ्या चष्म्यावर.
बोटानं चाक ढकललं. थांबलं.
परत ढकललं.

आणि ते फिरलं. उलटं!
नळी चुकीच्या भोकाला जोडली होती मी,
पण फिरत होतं, तेल उडवत, अख्खा पाट थरथरवत,
ठप ठप ठप ठप,
सोमवारी सकाळी काउंटरवर गर्दी असावी
आणि शाई नुकतीच भरलेली असावी, तसं.
माझा हात मांडीवर होता. उचलला गेला नाही.

वन्सं पोह्यांची ताटली घेऊन दारात उभ्या.
"ह्यानं काय होतं गं?"
उत्तर देणार होते, पण पाणी काचेत खाली आलेलं,
वात विझवायला धावले.

रविवारी दस्तगीर आले, शेंगदाण्याची पुडी घेऊन.
पुन्हा पेटवलं. आता नळी नीट, चाक सुलट.
त्यांनी डोळे मिटले, कान जवळ नेला.
खूप वेळ.
"चाल बरी हाय," म्हणाले.
"पण आवाज जरा तिरका येतोय मॅडम.
आजून अर्धा सूत र्‍हायलाय कुठंतरी."

राहिलाय.
कुठं ते मला माहीत आहे.